उठायचा आळस

१९८४ साली टीव्ही विकण्यात आबांच्या कंपनीचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिथेच इंजिनिअर असलेल्या त्यांच्या लेकीनं वर्षभर खपून बनवलेला रिमोट बैठकीत त्यांच्यासमोर ठेवला. “आबा, बाकीच्या कंपन्या हेच आणताहेत. मागे पडू आपण.” “आणू देत! ज्याला बटण फिरवायला उठायचा आळस, त्यानं आपला टीव्ही घेऊच नये.” आबा हसले, म्हणून साहेबलोक हसले, तिथली रीतच ती. रिमोट पर्समध्ये घालून लेक जी उठली, ती थेट स्पर्धकाच्या कंपनीत जाऊन बसली. चार वर्षांत आबांच्या कारखान्याचं गोदाम झालं. हसणारे साहेब नोकरी मागायला तिच्याच दारात आले. आबांनी तिच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. आता अर्धांगवायूनं तिच्या घरी खाटेला खिळलेत. तिनं बनवलेला रिमोट उशीखालून हलू देत नाहीत. सेल संपले, की तेवढी तिला हाक मारतात.