मागची सीट

डोळे अधू झाले म्हणून गिरीशने लायसन्स परत केलं. आता फ्रान्सची सायकल ट्रिपही कॅन्सल करतो म्हणाला.

"नदीकाठचा रस्ता आहे तो. एक गाडी नसते तिथे," म्हणत वसुधाने दोघांनी मिळून चालवायची सायकलच घरी आणली. घराजवळ, पिस्कॅटवेच्या कालव्याकाठी दोघं सरावाला गेले. सवयीने त्याचा हात पुढच्या हँडलकडे गेला.

"अहो, मागे."

तो मागे बसला. पुण्यातल्या स्कूटरपासून इथल्या गाडीपर्यंत, चाळीस वर्षं 'हळू' म्हणायचं काम तिचं आणि ऐकून न ऐकल्यासारखं करायचं त्याचं.

वळण आलं तसं त्याच्या तोंडून निघून गेलं, "वसू, हळू."

तिने ब्रेक दाबला.

एवढंच तर करायचं होतं, चाळीस वर्षं.