अकरा इंची हत्यार

“उचल हे. हत्यारांत खेळणं नको,” म्हणत गेल्या खंडेनवमीला सासऱ्यांनी माझा लॅपटॉप पाटावरून बाजूला सारला. पाटावर त्यांची करवत, रंधा आणि पटाशी होती. पुजलेल्या हत्याराला आमच्याकडे त्या दिवशी कुणी हात लावत नाही. माझं पुजलंच नव्हतं, म्हणून मी मुद्दाम सगळ्यांदेखत कामाला बसले.

काम म्हणजे परदेशी मालिकांना मराठी सबटायटल लिहायचं. लॅपटॉप दुकानातला सगळ्यात स्वस्त, जेमतेम अकरा इंची. व्हिडिओ आणि लिखाण एकदम उघडलं की अडकायचा. मग मी संवाद आधी वहीत उतरवायचे आणि नंतर टाइप करायचे.

आप्पांचे, म्हणजे सासऱ्यांचे, कान चाळीस वर्षांत करवतीनं खाल्लेले. टीव्हीसमोर ते नुसती चित्रं बघत बसायचे. या श्रावणात मी सबटायटल लिहिलेली मालिका लागली आणि आप्पा घरात सगळ्यांच्या आधी हसले. शेवटी पडद्यावर नाव आलं. ते त्यांनी मोठ्यानं वाचलं, “वृषाली मेस्त्री.” मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

यंदा खंडेनवमीला त्यांनीच हाक मारली, “सूनबाई, तुझं हत्यार कुठाय?” रंधा सरकवून त्यांनी लॅपटॉपला जागा केली आणि वर झेंडूचं फूल वाहिलं.

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीला एक भाग संध्याकाळपर्यंत हवा होता.

“आज नाही जमणार,” मी आप्पांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. “आमच्याकडे आज हत्यारांना सुट्टी असते.”