पैलवान उतरला की मोटार सुरू

सासूची आण घेऊन सांगते, ह्यातला शब्द न शब्द खरा हाय. सासू आता न्हाई ती गोष्ट येगळी. पर खोटं वाटलं तर हुमनाबादच्या कुण्याबी म्हाताऱ्याला इचारा, त्यो ह्याच्याहून वाढवून सांगंल.

मोटार परत बंद पडली ती हुमनाबादच्या अगदी तोंडाशी. देवळाचा कळस दिसायला हुता, हलगी ऐकू यायली हुती, आन् काशप्पा सावकाराची जुनी मोटार रस्त्याच्या मधोमध गप बसली.

मागच्या सीटावर गुरुबाई. पुढं, सावकाराच्या शेजारी, मानाच्या जाग्याला तिचा ल्योक जगदेवप्पा, गावचा पैलवान. रझाकाराच्या धामधुमीत मोडलेली जत्रा त्या साली पुन्यांदा भरलेली. शेवटची कुस्ती जगदेवप्पाची, करजगीच्या हावगेप्पासंगं. भोंग्यातनं तीनदा नाव पुकारत्यात. तवर फडात पाय न्हाई ठिवला तर गडी न लढताच हरला. सारं गाव बैलगाड्यांनी म्होरं जाऊन वाट बघत बसलेलं.

काशप्पा उतरला. बॉनेट उघडलं, वायरी हलवल्या, प्लगावर फुंकर मारली.

"रझाकाराच्या भ्यानं कडब्याच्या गंजीत लपवली हुती ना मोटार," त्यो म्हणला, "उंदरानं कुटं तरी वायर खाल्ली. सापडंना झालीय." मग धोतराला हात पुसले. "उतर पैलवान. तुज्या हाताला गुण हाय. तू ढकलल्याबिगर हिच्यात जीव येत न्हाई."

जगदेवप्पा उतरला. ढकलायला सुरुवात केली न केली, मोटार गुरगुरली. वाटेत दर खेपंला हेच. पैलवान खाली, मोटार सुरू. पैलवान वर, थोडी वाट सरली की बंद. ढकलून ढकलून त्याचा सदरा अंगाला चिकटला हुता. फडाच्या आधी अर्धी कुस्ती मोटारीसंगंच झाली.

त्यो परत येऊन बसला. गुरुबाई मागनं बघायली हुती. बसताना पोरगं जरासं उचललं आन् धप्पदिशी सीटावर आदळलं. मोटार जाग्यावरच ठार.

"काशप्पा अण्णा, वास कसला यायलाय?"

"पेट्रोलचा, अक्का."

"पेट्रोलला कापड जळल्याचा वास येतो व्हय? ऊठ रे जगदेव."

"कामून?"

"ऊठ म्हणलं ना."

तिनं त्याच्या बुडाखालची गादी उचलून उलटी केली. खाली बॅटरी उघडीच बसलेली, कपाळावर लावावी तशी विभूतीची तीन बोटं ओढलेली, वर वाळलं फूल. गादीच्या लोखंडी स्प्रिंगा काळ्या पडलेल्या, त्यातल्या एकीतनं धूर निघायला हुता. गुरुबाईनं गादी परत जाग्यावर ठिवली आन् दोन्ही हातांनी दाबली. आतनं ठिणगी उडाली ती सावकाराच्या मिशीपतूर.

"ह्याच्यावर फळी आसती का न्हाई?"

"हुती की," काशप्पा मिशी चाचपत म्हणला. "खंडेनवमीला बॅटरीची पूजा केली. एकदा विभूती लावल्यावर देवाला फळीखाली कसं कोंडायचं? घरी काढून ठिवली."

"फळीखाली कोंडायचं न्हाई. आन् पैलवानाच्या बुडाखाली?"

हलका माणूस बसला तर गादी वरच ऱ्हायची. जगदेवप्पाचं वजन आदळलं की स्प्रिंगा बॅटरीच्या दोन्ही शेंड्यांना टेकायच्या आन् मोटारीचा जीव जायचा. ढकलायला उतरला की सुटायच्या. सावकारानं समदी मोटार तपासली, पर पैलवानाला काय हलवलं न्हाई.

गुरुबाई लेकाच्या मागं गेली. धोतर करपून तांबडं झालेलं.

"चटका बसत हुता का न्हाई?"

"बसत हुता."

"मग बोल्ला कामून न्हाईस?"

जगदेवप्पा पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. "अव्वा, हावगेप्पानं मागं एकाचा हात मोडलाय."

भोंगा वाजला. जगदेवप्पाचं नाव आलं. पहिला पुकारा.

"हात मोडला तर घास मी भरवीन," गुरुबाई म्हणली. "पर फडात न उतरता आलास, तर तुज्या म्होरं ताट कुण्या तोंडानं ठिवू?"

सावकार मधीच म्हणला, "अक्का, आता ह्याला बसवायचा कुटं?"

"बसवायचा न्हाईच. पायरीवर हुबा ऱ्हा रे. टप धर."

आन् मोटार सुटली. आशी सुटली की रस्त्यावरच्या कोंबड्या उडून लिंबाच्या शेंड्याला जाऊन बसल्या, त्या पंचमीलाच खाली उतरल्या. दुसरा पुकारा झाला तवा मोटार पेढ्यांच्या दुकानातनं गेली. हा, दुकानांच्या मधनं न्हाई, दुकानातनं. तिसरा पुकारा सुरू झाला. जगदेवप्पानं पळत्या मोटारीवरनं उडी टाकली. बसलेल्या माणसांच्या डोस्क्यांवरनं त्यो थेट फडात. अजून धोतरातनं धूर निघायलेला. हावगेप्पानं त्यो धूर बघितला आन् त्याच्या डोळ्यांतला राग इझला. हाताला हात भिडला, कंबर खाली गेली, आन् हावगेप्पा आभाळाकडं बघत पाठीवर चीत. फेटे आसे उडाले की एक देवळाच्या कळसाला जाऊन बसला, पुजाऱ्यानं त्यो काढलाच न्हाई.

ह्यात एक बारीकशी गोष्ट तेवढी पदरची हाय. चीत झाला त्यो हावगेप्पा न्हाई. घरी आल्यावर जगदेवप्पाला न्हाणीत बसवून गुरुबाई त्याच्या पाठीची तांबडी माती घासायली हुती. पाणी तांबडं यायचं काय थांबंना, आन् तिचं गुणगुणणं बी.