किमान दोन प्रेक्षक

आमच्या छोट्या थिएटरचा नियम साधा आहे. किमान दोन प्रेक्षक नसतील तर खेळ रद्द. मी जीव लावून निवडलेल्या जगावेगळ्या सिनेमांच्या आठवड्याला रोज बरोबर दोघंच आली. पुढच्या रांगेत निवृत्त नर्सबाई, मागच्या रांगेत टेलरकाका. एकमेकांशी चकार शब्द नाही. मला वाटलं, दोघंही दर्दी आहेत.

काल तिकीट घेताना काका हळूच म्हणाले, "खरं सांगू का? हे सिनेमे माझ्या डोक्यावरून जातात. पण मी नाही आलो तर त्या बाईंचा खेळ बुडेल. एवढ्या आवडीने येतात बिचाऱ्या."

आज शेवटच्या दिवशी बाई आधी आल्या. "त्या काकांचा हिरमोड नको म्हणून येते हो. नाहीतर दोन दोन तास एकच खिडकी कोण बघत बसेल? खिडकी तर माझ्या घरीही आहे."

काका आल्यावर मी दोघांना सांगितलं, "मशीन अडकलंय. जरा बसावं लागेल."

बाहेर बाक एकच होता.

थोड्या वेळाने काकांचं हसणं ऐकू आलं, मग बाईंचं. मी आतून दार लोटलं आणि सिनेमा लावला. मूकपट होता, बाहेर काही कळण्यासारखं नव्हतं. मधल्या रांगेत जाऊन बसलो.

आठवड्यात पहिल्यांदाच कुणीतरी सिनेमा बघायला आलं होतं.