कोरडा पेपर

गॅरेजमध्ये गाडीखाली रात्रभर पसरून ठेवलेला पेपर मिस्त्रींनी अलगद बाहेर ओढला. इंजिनचं काम नीट झालं असेल तर पेपरवर तेलाचा डाग पडत नाही, एवढं एव्हाना शैलजाला कळलं होतं. तरी ती मनातल्या मनात देवाला म्हणाली, 'एक थेंब पाड रे बाबा, एकच.'

नवरा गेल्यापासून 'जेवलात का?' असं तिला विचारणारं घरात कुणी उरलं नव्हतं. इथे मात्र ती गाडीच्या चौकशीला आली, की हा विधुर माणूस आधी स्वतःचे हात पुसायचा, मग तिच्यासाठी स्टूल पुसायचा आणि मग तेच विचारायचा. गॅरेजात येणाऱ्या झाडून सगळ्या बायकांना तो ताई म्हणे. हिला चुकूनसुद्धा नाही.

पेपर कोरडा ठणठणीत निघाला.

"वा, छानच झालं की," शैलजा स्टुलावरून उठली. सासरी निघालेल्या मुलीसारखा तिचा आवाज जड झाला होता. "काल ट्रायलला घाटात नेली, तेव्हासुद्धा कुरकुरली नाही. द्या किल्ली."

मिस्त्रींनी खिशातून किल्ली काढली, तिच्याकडे पाहिलं आणि किल्ली पुन्हा खिशात टाकली.

"एका रात्रीचं काही खरं नसतं," असं म्हणत त्यांनी तोच पेपर परत गाडीखाली सरकवला. "आणखी दोन दिवस राहू द्या. तुम्ही मात्र रोज येऊन बघून जा."

"चार दिवस ठेवा की," शैलजा परत स्टुलावर टेकली. "मला कुठे घाई आहे?"