धरणाची वीज

पंख्याचं बटण दाबताच घरात ओल्या गाळाचा वास पसरला, तशी केतकी दचकली. वीज जिथून येते तिथला वास घरात आलाच पाहिजे, असा कायदा होता. विजेपायी काय गेलं ते लोकांना कळावं म्हणून. अनसूयाबाईंचं माहेर धरणात बुडालं होतं. सासूला त्रास नको म्हणून केतकी नेहमी पवनचक्कीचीच वीज घ्यायची. पण आज वारा पडला आणि मीटरनं आपणहून धरणाची घेतली.

"आई, बंद करते हं लगेच!"

अनसूयाबाईंनी डोळे मिटूनच तिचा हात धरला.

"राहू दे गं. आमच्या परसातून नदीवर उतरताना अस्साच वास यायचा. थोडा वेळ माहेरी बसू दे मला."

केतकीनं भर दुपारी घरातले सगळे दिवे लावले.