स्टेशनपेठेतला फलक

दगडी स्टेशन, दोन लॉज आणि टायपिंगची एक शाळा असलेल्या पेठेला शेण शोभत नाही, असं १९६१ साली आमच्या सुधार मंडळाला वाटलं. म्हणून स्टेशनसमोर फलक लावला, 'आजपासून स्टेशनपेठेत बैलगाडीस सक्त मनाई', आणि अनावरणाला यवतमाळहून एक मोठे साहेब बोलावले.

साहेब आगगाडीने येणार होते. बँड अकरापासून वाजत होता. एक वाजता कळलं, इंजिन अलीकडच्या चढावर बसलंय. तीन वाजता साहेब आले ते तांड्यावरच्या खेमसिंगच्या बैलगाडीतून, कापसाच्या बोजावर बसून. कोटाला चिकटलेला कापूस झटकत त्यांनी पडदा ओढला आणि 'यंत्रयुग आलं, बैलांचे दिवस सरले' यावर पाऊण तास भाषण केलं. आम्ही हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या.

हार उतरवताना साहेबांनी सेक्रेटरींच्या कानात परतीचं विचारलं. इंजिन अजून चढावरच होतं. सेक्रेटरी खेमसिंगकडे वळले.

"खेमसिंग, गाडी इकडं आण बरं. साहेबांना परत सोडायचं आहे."

खेमसिंगला फलक वाचता येत नव्हता, पण भाषण त्याने पूर्ण ऐकलं होतं. बैलांचे कासरे धरून तो पेठेबाहेर निघालाच होता.

"इथं मनाई हाय जी," तो म्हणाला. "मी नाक्यापल्याड उभा राहतो. तठपर्यंत साहेबायले आगगाडीनं पाठवा."